हरवलेल्यांचा मांडव

इंदोरा, रविवार दुपार

प्रिय सोनिका,

जय भीम, अन् खुशीच्या दोन्ही गालांले माह्याकडून एकेक चिमटा. तू म्हणशील, जितेंद्रनं आईले एवढा मोठा मोबाइल घेऊन देला, तरी ही बाई कागद काहून खराब करून राहिली. त्याचं कारण तूच आहे वं. फोनवर मी तोंड उघडलं का तू "हो आई, बरं आई" म्हणते, मांगून कुकरची शिट्टी होते, अन् मंग तुले ऑफिसचा दुसरा फोन येते. कागदाले शिट्टी नाही अन् दुसरा फोनही नाही. आता माहं शिक्षण सातवी, तेही काटोलच्या पल्याड खेड्यातल्या शाळेत, जिथं गुरुजी अर्धा दिवस आपल्या संत्र्याच्या बगीच्यात राहत अन् आम्ही पोट्ट्या चिंचा खात. तवा अक्षर वाकडंतिकडं आलं तर हसजो, पण वाचजो. तुहे बाबा असते तर या पत्रावर लाल पेन फिरवला असता. लग्न जुळल्यावर मी त्यायले पहिलं पत्र लिहिलं होतं, त्याच्यातल्या चुका दुरुस्त करून त्यायनं ते मले वापस पाठवलं होतं, खाली लिहून, 'प्रयत्न चांगला'. मी तवाच समजून गेली का आपलं लग्न माणसाशी नाही, शाळेशी होऊन राहिलं.

मंगळवारी तुले फोन कायच्यासाठी केला होता ते तुले माहीत आहे. मंडळाचे आनंदराव घरी आले होते. नऊ तारखेले, रविवारी, विहारात मास्तरच्या नावानं कार्यक्रम आहे, अन् एक स्मरणिका निघून राहिली. जितेंद्रनं तर चार पानं लिहून देली. वाचली मी. तो पडला खापरखेड्याच्या पॉवर स्टेशनातला माणूस, त्यानं बापाले 'ज्ञानाचं अखंड विद्युत केंद्र' म्हटलं. मी त्याले विचारलं, बापू, हा कोण आहे, आपल्या घरात तर असा कोणी राहत नव्हता. तर तो रुसून बसला. आनंदराव म्हणाले, मुलीचंही एक पान पाहिजे, म्हून मी तुले फोन केला. अन् तू एकदम शांतपणानं म्हटलं, "आई, ज्या बाबानं मले त्या मांडवात ओळखलं नाही, त्यायच्यावर मी काय लिहू?" एवढं बोलून तू खुशीच्या परीक्षेचं सांगायले लागली. मी हो हो करत राहिली. फोन ठेवला अन् तशीच बसली. गॅसवरची दाळ पार करपली, पण मले वास आला नाही. कांताबाई शेजारून धावत आली का घरात आग लागली का काय. तवापासून हे पत्र डोक्यात आहे. पाच दिवस झाले, आज हातात पेन घेतला.

मले पहिले त्यायच्याबद्दल तुह्याशी बोलू दे. जितेंद्रच्या पानात जे नाही ते. कवडू मास्तर म्हणून सारा खापरखेडा त्यायले ओळखे. तेहतीस वर्षं हा माणूस सकाळच्या बसनं गेला अन् संध्याकाळच्या बसनं आला, सदऱ्यावर राखेचे कण अन् खिशात खडूचे तुकडे घेऊन. धुताना खिसा पाह्यला नाही का सारी बादली पांढरी. कोणतं पोट्टं दोन दिवस शाळेत आलं नाही का मास्तर त्याच्या क्वार्टरवर हजर. एकाचा बाप पिऊन होता, काठी घेऊन मांगं लागला. मास्तर पळाले, पण पळता पळता गृहपाठाची वही खिडकीतून आत टाकून आले. हे त्यायनं मले सांगतलं नाही, त्या पोट्ट्यानंच सांगतलं, आता तो स्वतः नातू असलेला माणूस झाला. रविवारी विहारात वस्तीतल्या बायायचा वर्ग. मी सगळ्यात मांगं बसायची अन् बाकीच्यायले हसवायची, म्हून मले चाळीस बायायसमोर उभं करत. मी घरी येऊन भाजीत मीठ कमी टाकत होती. मास्तर न बोलता वरून मीठ घेऊन खात. भांडायले आले असते तर मले मजा आली असती.

घरातला माणूस म्हून सांगायचं तर, तुह्या नखाची चंद्रकोर त्यायच्याइतकी गोल कोणी कापत नव्हतं. रविवारी सकाळी तुम्हा दोघायले ओट्यावर बसवत, खाली पेपर पसरवत, अन् एकेक बोट धरून कापत, कुठंही रक्त नाही. तुही वेणी मात्र त्यायले कधी जमली नाही. एक वर, एक खाली. तुले वर्गात पोट्ट्या हसत, तरी तू माह्याकडून घालून घेत नव्हती, बाबाच पाहिजे. आठवते? जितेंद्रले गोवर निघाला तवा त्यायनं आठ दिवस सुट्टी टाकली, जिंदगीत पहिल्यांदा, अन् शाळेतून पाच पोट्टे पाहायले आले का गुरुजी मेले का काय. अन् तर्रीपोहे. तर्रीपोहे कराले गेले का माह्या स्वयंपाकघराची रणभूमी होऊन जाय. मी चिडवायची का मास्तर, तुम्ही गणितात शंभर अन् फोडणीत शून्य. ते म्हणत, शून्याशिवाय शंभर लिहिता येत नाही. असा माणूस.

अन् दसरा. दसरा म्हटलं का मास्तर घरचे नाही, हे मले लग्न झालं त्याच साली समजलं. दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, कोणी यवतमाळहून, कोणी पार परभणीहून, डोक्यावर गाठोडं, कडेवर लेकरू, अन् त्या गर्दीत बोट सुटलं का सुटलं. आपल्या मंडळाचा तिथं हरवलेल्यांचा मांडव असे. एक टेबल, एक माइक, एक जाड वही, अन् खाली सतरंजी. त्या टेबलाशी मास्तर चाळीस वर्षं बसले. त्यायची एक रीत होती. लेकराले ते बापाचं नाव विचारतच नव्हते. म्हणत, घाबरलेल्या लेकराले बाप म्हणजे फक्त 'बाबा' एवढंच माहीत असते. ते विचारत, तुह्या शाळेतले गुरुजी कोण? अन् लेकरू रडता रडता पटकन पूरं नाव सांगे, आडनावासकट. मंग मास्तर माइकवर सांगत, अमक्या गुरुजीच्या शाळेतलं लेकरू इथं बसलं आहे. त्या गावचे लोक बरोबर समजत अन् धावत येत. मी म्हणायची, मास्तर लोकायले जगात मास्तरशिवाय कोणी दिसतच नाही. पण लेकरं सापडत होती, हे खरं. यंदा त्यायच्या जागी एक तरुण गुरुजी बसला. मी जाऊन पाहून आली. बरा आहे, पण आवाज लय बारीक.

आता ती गोष्ट. तुले पाठ आहे, पण माह्या तोंडून आणखी एक डाव ऐक. तू सात वर्षाची होती, आता खुशी आहे तेवढीच. पिवळा फ्रॉक घातला होता. जितेंद्रले ताप, म्हून त्याले कांताबाईजवळ ठेवून मी तुले घेऊन दुपारी डबा द्यायले गेली. दुरून पाह्यलं तर मास्तर मान खाली घालून लिहून राहिले, मान वर करायले फुरसत नाही. माह्या डोक्यात किडा वळवळला. तुले म्हटलं, जा, त्या लेकरांच्या लायनीत उभी राह्य, नाव सांगजो प्रीती, गाव सांगजो काटोल, पाहू तुहा बाप ओळखते का. तू तोंडावर हात धरून हसत गेली. मी उसाच्या रसाच्या गाडीमांगं लपली. मास्तरनं मान वर न करता वहीत लिहून घेतलं, तुह्या हातात बिस्कुटाचा पुडा देला, सतरंजीवर बसवलं, अन् माइकवरून आवाज आला, प्रीती नावाची मुलगी, वय वर्षं सात, पिवळा फ्रॉक, गाव काटोल, मांडवात बसली आहे, आईनं लवकर येऊन घेऊन जावं. मी हसून हसून खालीच बसली. थोड्या वेळानं पुन्हा तेच. मंग पुन्हा. असं पाच डाव. एक तासानं मी गेली अन् म्हटलं, मास्तर, ही प्रीती कुठंतरी पाह्यल्यासारखी वाटते का पाहा बरं. त्यायनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, अन् म्हटलं, अरे, सोनिका.

ही गोष्ट मी कुठं कुठं सांगतली. हळदीत सांगतली, बारशात सांगतली, विहारातल्या वर्गात तर दरवर्षी नव्या बायायले सांगतली. कांताबाईले शंभर डाव ऐकून झाली तरी चष्मा पुसायच्या जागेवर तिले ठसका लागे. मास्तर तिथंच बसलेले असत अन् जरासे हसत. तू पहिले पहिले हसत होती. दहावीत आली तवा मी ती गोष्ट सुरू केली का तू पाणी प्यायच्या निमित्तानं उठून जाय. मले दिसत होतं. मी म्हटलं, पोट्टी मोठी झाली, लाजते. तुह्या लग्नात, तुह्या सासूसमोरही मी सांगतली, अन् सगळे पोट धरून हसले. निघताना तू माह्या गळ्यात पडली अन् बाबाले मात्र नुसते हात जोडले, पाहुण्याले जोडतात तसे. मास्तर गाडी वळेपर्यंत उभे होते. मी म्हटलं, चला आता, डेकोरेशनवाला वाट पाहून राहिला. तवाही मी गंमतच केली.

जानेवारीत ते गेले तवा तू हैदराबादहून येऊन तीन दिवस होती. स्वेटरच्या घड्या घातल्या, न फोडलेली औषधं दुकानात वापस नेऊन देली, आल्या-गेल्याले चहा केला. खापरखेड्याहून पन्नास-पन्नास वर्षाचे विद्यार्थी आले होते, लहान लेकरासारखे रडत होते, अन् तू त्यायले पाण्याचे गिलास देऊन राहिली होती. तुह्या डोळ्यात टिपूस नाही. जितेंद्र मले म्हणाला, ताई लय कडक झाली. मी म्हटलं, हैदराबादचं पाणी. मंगळवारी तुहा फोन झाल्यावर मले समजलं का ते पाणी हैदराबादचं नव्हतं. ते मीच तुले पाजलं होतं, सातव्या वर्षापासून.

आता जे मी त्या गोष्टीत कधीच सांगत नव्हती ते सांगते. त्या दिवशी मास्तरच्या टेबलासमोर एका लोखंडी खुर्चीवर एक बाई बसली होती. दारव्ह्याकडची होती. सकाळपासून तिचं चार वर्षाचं पोरगं सापडत नव्हतं. मी गाडीमांगून तिले पाह्यलं होतं. पण माह्या हसण्याच्या गोष्टीत ती कुठं बसत नव्हती, म्हून मी तिले काढूनच टाकलं. संध्याकाळी घरी आल्यावर मास्तर जेवायले बसले. तू ओट्यावर कांताबाईच्या पोट्ट्यायले बिस्कुटाचा पुडा दाखवून राहिली होती. मी भाकर वाढता वाढता अजून हसतच होती. त्यायनं घास हातात धरला अन् म्हणाले, "मी तिले आवाजावरूनच ओळखलं होतं. पण ती बाई समोर बसली होती. एकेक लेकरू आलं का ती अर्धी उठे अन् पुन्हा बसे. तिच्यासमोर मी माही पोरगी कशी उचलू? म्हून माइकवरून तुले बलावून राहिलो होतो. पाच डाव बलावलं." एवढंच बोलले. मंग म्हणाले का त्या बाईचं पोरगं चार वाजता एका पुस्तकाच्या दुकानाच्या टेबलाखाली झोपलेलं सापडलं, अन् मंग तो घास तोंडात टाकला. ते मले हाका मारून राहिले होते सोनिका, अन् मी रसाच्या गाडीमांगं बसून प्रत्येक हाकेले हसून राहिली होती.

याच्यापुढचं आणखी वाईट आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तुही वेणी घालता घालता ते तुले म्हणाले, बेटा, मी काल तुले ओळखलं होतं. तू बापाकडं नाही पाह्यलं. तू माह्याकडं पाह्यलं, का हे खरं आहे का. अन् मी कणीक मळता मळता म्हटलं, "काही नाही वं, फजिती झाली म्हून आता सारवासारव करून राहिले मास्तर." तू खुदकन हसली. त्यायनं वेणीले रिबीन बांधली, सायकल काढली अन् बस पकडायले गेले. त्याच्यानंतर तीस वर्षं त्यायनं हा विषय काढला नाही, तुह्याजवळ नाही अन् माह्याजवळही नाही. तुले ती सकाळ आठवत असेल का नसेल, मले माहीत नाही. मले ताटातली कणीकही आठवते.

काहून केलं असं, हे मी पाच दिवसांपासून स्वतःले विचारून राहिली. ते खरं बोलत होते असं म्हटलं असतं, तर आपल्या पोरीले एक तास हरवलेल्या लेकरांत बसवून हसणारी बाई कोण, तर मी. त्याच्यापेक्षा विसरभोळा मास्तर सोपा होता. अन् लोकायले आवडत होता. एक डाव मी त्यायले विचारलं होतं, लोक तुमच्यावर हसतात, राग नाही येत का. म्हणाले, तू सांगते चांगलं. त्यायले आपली बाजू सांगता आली असती, पण सांगायची तर मले खोटं पाडा लागलं असतं, तेही तुह्यासमोर. ते त्यायनं केलं नाही. मले वाटे, माहा नवरा साधा आहे, त्याले चिडवलेलं समजतच नाही. त्यायले सगळं समजत होतं. ज्या माणसाले फळ्याकडं तोंड करून, साठ पोट्ट्यायमधून कोण बोललं ते पाठमोरं समजत होतं, त्यायले आपल्या पोरीचा आवाज नाही समजणार? एवढी साधी गोष्ट तुह्या लक्षात यायले पाहिजे होती. पण आई हसून राहिली असल्यावर सात वर्षाचं लेकरू दुसरं काय समजणार?

तर हे पत्र स्मरणिकेच्या पानासाठी नाही. ते पान नको लिहू, आनंदरावले मी सांभाळते. नऊ तारखेले मले स्टेजवर बलावणार आहेत. आनंदराव सांगून गेले का वहिनी, मांडवातली गोष्ट सांगाच, लोक तिच्यासाठीच येऊन राहिले. सांगणार आहे मी. पूरी सांगणार आहे, त्या दारव्ह्याच्या बाईसकट अन् दुसऱ्या दिवशीच्या सकाळीसकट. लोक हसायच्या तयारीनं बसतील, कांताबाई तर पदर तोंडाशी धरूनच येईल, अन् मंग काय होईल ते होईल. पण भरल्या विहारात माइकवरून सांगायच्या पहिले ते तुले एकटीले सांगायचं होतं, अन् फोनवर माही हिंमत झाली नाही. तू ये, नाहीतर नको येऊ. माह्यावर लय रागव, मी अजून जित्ती आहे, मले बोलता येते, मी ऐकून घेईन. पण त्यायच्यावर धरलेला राग आता सोडून दे. त्यायनं तुले पहिल्या शब्दाले ओळखलं होतं. तू 'प्रीती' म्हटलं, अन् त्यायनं सोनिका ऐकलं.

तुहीच, तुह्या रागाची वाट पाहणारी,
आई